'मुस्तफा' कोणाचा? : जुन्या व्हिडिओ गेमचे पुनरागमन आणि आपण

जुन्या वस्तूंना पुन्हा दिवस येणे ही काही नवी गोष्ट नाही. ग्रामोफोनच्या तबकड्या परत आल्या, इराणी हॉटेलातल्या लाकडी खुर्च्या परत आल्या, पितळी डबेही परत आले. आता जुन्या व्हिडिओ गेमची पाळी आहे. ज्या उभ्या लाकडी कपाटांत काचेआड पडदा असे, खाली दांडी आणि बटणे असत, आणि नाणे टाकल्याशिवाय जी हलत नसत, ती यंत्रे जगभर पुन्हा मांडली जात आहेत. पण ती मांडली जात आहेत प्रामुख्याने बारमध्ये. एका हातात पेला आणि दुसऱ्या हातात दांडी, असे या पुनरागमनाचे चित्र आहे. अमेरिकेत सुरू झालेली ही पद्धत आपल्याकडच्या महानगरांतल्या करमणुकीच्या जागांनीही कमीअधिक प्रमाणात उचलली आहे.

साहित्याच्या वार्षिकात हा विषय कशाला, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. आमचे म्हणणे असे की, ज्या कृतीत पात्रे असतात, कथा असते, आणि जी एका पिढीच्या बोलण्यात नावे व वाक्प्रचार सोडून जाते, ती कृती समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवता येत नाही. तमाशाला, वगाला, कव्वालीला आणि सिनेमाला विद्वानांनी एकेकाळी असेच बाहेर ठेवले होते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या एका पिढीच्या बालपणात या खेळांनी मोठी जागा व्यापली आहे. त्यातही एका खेळाशी आपल्या समाजाचे वेगळे नाते आहे. त्या खेळाला मोहल्ल्यात आणि मोहल्ल्याबाहेरही 'मुस्तफा' म्हणत.

आधी थोडा इतिहास पाहू. व्हिडिओ गेम आणि दारूचा गुत्ता यांचे नाते आजचे नाही. १९७२ साली कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावी 'अँडी कॅप्स टॅव्हर्न' नावाच्या बारमध्ये अटारी कंपनीने 'पाँग' या खेळाचे पहिले यंत्र चाचणीसाठी ठेवले. थोड्याच दिवसांत ते बंद पडले. तपासले तर आतली नाण्यांची पेटी गच्च भरून गेली होती. तेथून या धंद्याची भरभराट झाली. १९७८ मध्ये जपानच्या टायटो कंपनीचा 'स्पेस इनव्हेडर्स', १९८० मध्ये नामकोचा 'पॅक-मॅन', १९८१ मध्ये निन्टेन्डोचा 'डाँकी काँग' हे खेळ आले आणि जगभर पसरले. पुढे घरोघरी टीव्हीला जोडायचे खेळ आले, संगणक आले, आणि ही कपाटे अडगळीत गेली. २००४ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात 'बारकेड' नावाचा बार सुरू झाला. त्याच्या नावातच बार आणि आर्केड हे दोन शब्द एकत्र केलेले आहेत. त्याचे अनुकरण पुष्कळांनी केले. म्हणजे अमेरिकन माणसाच्या दृष्टीने हा खेळ बारमध्ये परत येणे म्हणजे माहेरी येणे होय. त्याबद्दल आमची काहीच तक्रार नाही.

पण आपल्याकडे या खेळांचा जन्म बारमध्ये झालाच नव्हता. जो प्रश्न आम्हाला मांडायचा आहे तो इथूनच सुरू होतो.

सांगली, मिरज, सातारा, कराड या गावांत व्हिडिओ गेमची दुकाने फोफावली ती नव्वदच्या दशकात. एस. टी. स्टँडच्या मागे, थिएटरच्या शेजारी, शाळेच्या वाटेवर, नाहीतर एखाद्या मोहल्ल्याच्या तोंडाशी दहा बाय दहाची खोली असे. तिच्या दाराला मळका पडदा आणि आत दोन-चार डबे. डबे म्हणजे यंत्रे. कंपनीचे मूळ कपाट क्वचितच कुठे दिसे. सुताराकडून प्लायवूडचे खोके करून घ्यायचे, त्यात जुन्या रंगीत टीव्हीची काच बसवायची आणि आत कोठून तरी आणलेले, बहुतेक वेळा नकली, बोर्ड जोडायचे. टीव्ही दुरुस्त करणारा मेकॅनिकच याचा उस्ताद. त्या बोर्डावर लहान खटके असत. ते वरखाली केले की खेळ अवघड होई किंवा सोपा, आणि खेळणाऱ्याला मिळणारे 'लाइफ' कमी-जास्त करता येत. दुकानदार आपल्या गल्ल्याकडे पाहून हे खटके फिरवी. जपानमध्ये लिहिलेल्या संहितेवर मिरजेच्या दुकानदाराचा असा शेवटचा हात फिरत असे. नाटकाच्या संहितेवर कंपनीचा मालक फिरवतो, तसाच.

या खेळांचे सारे शास्त्र नाण्यावर उभे होते, हे समीक्षकाने विसरता कामा नये. खेळणारा फार लवकर हरला तर तो पुन्हा येणार नाही, आणि फार वेळ टिकला तर दुकानदाराचे नुकसान. या दोन टोकांच्या मधोमध खेळाची रचना बसवावी लागे. गझलेत काफिया आणि रदीफ यांचे बंधन जसे शायराला अडवते आणि त्याच अडवण्यातून शेर घडवते, तसे नाण्याचे बंधन या खेळांना घडवत होते. एक रुपया ही रक्कम तेव्हाच्या विडी कामगाराच्या, हमालाच्या किंवा हातगाडीवाल्याच्या मुलाला लहान नव्हती. म्हणून त्या एका रुपयात किती वेळ टिकायचे, ही खरी विद्या होती. ज्याच्याकडे रुपया नसे तो मागे उभा राहून पाही. एक खेळणारा आणि मागे सात-आठ पाहणारे, असा तो मेळा असे. मुशायऱ्यात शायर थोडे आणि दाद देणारे पुष्कळ असतात. येथेही 'वा उस्ताद' म्हणणारे पुष्कळ असत आणि चुका काढणारे त्याहून अधिक.

आता 'मुस्तफा'कडे वळू. या खेळाचे खरे नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली आणला. मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या 'झेनोझोइक टेल्स' या चित्रकथामालेवर तो बेतलेला आहे. कथा सव्विसाव्या शतकातली आहे. पृथ्वीवर मोठा उत्पात होऊन गेला आहे, माणसे थोडी उरली आहेत आणि डायनासोर पुन्हा अवतरले आहेत. काही टोळ्या या प्राण्यांची चोरटी शिकार करतात. त्यांच्यामागे फेसेंडन नावाचा एक माथेफिरू शास्त्रज्ञ आहे. चार मित्र या टोळ्यांशी लढतात. जॅक टेनरेक, हॅना डंडी, मेस ओब्राडोविच आणि मुस्तफा कैरो. एकूण आठ मजले, म्हणजे 'स्टेज', आणि प्रत्येक मजल्याच्या शेवटी एक 'बॉस'. तिघांना एकाच वेळी खेळता येई, आणि हे या खेळाचे मोठे बळ होते.

कथेचा विचार केला तर ती फार खोल आहे असे म्हणता येणार नाही. हाणामारी भरपूर आहे. शत्रूची एकच मुद्रा रंग बदलून पुन्हा पुन्हा समोर येते. तरी दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक, येथे प्राणी हा शत्रू नाही. शिकाऱ्यांनी चवताळलेला डायनासोर अंगावर येतो, पण लढा आहे तो त्याला मारणाऱ्यांशी. दोन, चारही पात्रांना वेगवेगळे गुण वाटून दिलेले आहेत. मेसकडे ताकद, हॅनाकडे हातातली वस्तू वापरण्याचे कसब, जॅककडे सगळ्याचा समतोल आणि मुस्तफाकडे वेग. तिघे खेळायला बसले की कोणी पुढे जायचे, कोणी मागे राहायचे, जमिनीवर पडलेले खाणे कोणी उचलायचे, हे आपसांत ठरवावे लागे. ज्याचे 'पॉवर' कमी झाले आहे त्याच्यासाठी खाणे सोडून देणे हा तिथला अलिखित कायदा होता. भांडणे होत, पण कायदा सगळ्यांना ठाऊक असे.

खेळाचे इंग्रजी नाव कोणाच्याही तोंडी बसले नाही. सांगलीत, साताऱ्यात आणि साऱ्या देशात, एवढेच नव्हे तर पाकिस्तान-बांगलादेशातही, त्याला लोक 'मुस्तफा' म्हणू लागले. नायक जॅक आहे, चित्रकथेतही तोच मुख्य आहे. मुस्तफा हा त्याचा मित्र, यंत्रे जाणणारा इंजिनिअर. म्हणजे दुय्यम पात्र. पण आपल्या मुलांनी दुय्यम पात्राला नायक केले आणि खेळाचे नावच बदलून टाकले. असे का झाले? एक उत्तर सरळ आहे. तो सर्वांत चपळ आहे, त्याची लाथ लांब जाते, त्याला घेतले की एका रुपयात अधिक वेळ टिकता येते. हे उत्तर खरे आहे. पण ते पुरेसे नाही. चपळ पात्रे इतर खेळांतही होती, त्यांची नावे कोणी खेळाला दिली नाहीत. आम्हाला वाटते की त्या पडद्यावर जी चार नावे उमटत, त्यांत आपल्या जिभेला ओळखीचे असे ते एकच नाव होते. शेजारच्या घरातले, वर्गातल्या हजेरीपटावरचे, किराणा दुकानाच्या पाटीवरचे नाव. मोहल्ल्यातल्या मुलाला ते आपले वाटले. मोहल्ल्याबाहेरच्या मुलाला ते मित्राचे वाटले.

हे नाव रूढ झाले तो काळ आठवावा. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ होऊन गेले होते. हिंदी सिनेमाचा पडदा बदलत होता. १९८३ च्या 'कुली'तला इक्बाल ७८६ चा बिल्ला लावून सबंध देशाचा नायक होऊ शकत होता. 'रोजा' १९९२ साली आला आणि त्यानंतर आपल्या नावाच्या माणसाला पडद्यावर बंदूक घेऊन उभे राहण्याचे काम अधिकाधिक मिळू लागले. नाही तर मग नायकासाठी प्राण देणारा, देशावरचे प्रेम उठता-बसता सिद्ध करणारा मित्र. नेमक्या त्याच वर्षांत एका अंधाऱ्या खोलीत मुले एकमेकांना सांगत होती, "तू जॅक ले, मुस्तफा मेरेकू दे." आणि तितक्याच हक्काने दुसरा म्हणत होता, "मुस्तफा मी घेणार, तू कालपण घेतला होतास." हा दुसरा मुलगा माळ्याचा असेल, मराठ्याचा असेल, लिंगायताचा असेल. तो अर्धा तास 'मी मुस्तफा' म्हणत जगत होता. मुस्तफा पडला की त्याचा जीव हळहळत होता.

याला फार मोठा अर्थ चिकटवू नये, हे आम्ही जाणतो. पडद्यावरचा मुस्तफा नमाज पढत नाही, रोजा ठेवत नाही, त्याला घरदार नाही, त्याची भाषा नाही. कॅपकॉमला आपल्याशी काही देणेघेणे नव्हते. ते नाव आहे, माणूस नाही. पण त्याची किंमतही त्यातच आहे. त्याच्यावर कसलेही ओझे नाही. तो चांगला मुसलमान आहे की वाईट, देशभक्त आहे की नाही, असे त्याला कोणी विचारत नाही. त्याला एवढेच विचारले जाते की, पुढच्या मजल्यावर चलतोस का? मराठी कथा-कादंबरीत, पाठ्यपुस्तकात, सिनेमात असे बिनओझ्याचे मुस्लिम पात्र किती सापडते, याचा हिशेब आपण लिहिणाऱ्यांनी करावा. बहुतेक वेळा आपले पात्र दंगलीत, तलाकमध्ये किंवा एकतेच्या भाषणातच भेटते. सायकलचे पंक्चर काढताना किंवा प्रेमात पडून फजिती होताना ते क्वचितच भेटते.

या नावाला मोहल्ल्यातून हरकतही होती. मुस्तफा हा हजरत मुहंमद पैगंबर (स.) यांचा लकब. ते नाव घेऊन मुले ओरडतात, शिव्या देतात, "मुस्तफा मर गया" म्हणतात, हे वडीलधाऱ्यांना खटके. काही घरांत या खेळाला मुद्दाम 'डायनासोरचा गेम' म्हणायला लावत. ही हरकत हसण्यावारी नेण्यासारखी नाही. नावाचा अदब हा आपल्या तहजीबचा भाग आहे. पण हेच नाव आपण आपल्या मुलांना ठेवतो, आणि ती मुले पडतात, धडपडतात, मारही खातात. नाव रोजच्या वापरात उतरले की त्याला रोजची धूळ लागणारच. आम्हाला त्या वडीलधाऱ्यांची अस्वस्थता समजते, आणि मुलांचे प्रेमही समजते. दोघांचा मान ठेवूनच या खेळाकडे पाहायला हवे.

ती दुकाने म्हणजे स्वर्ग होता, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. आठवणीला साखर लावण्याची सवय आपल्या लेखनाला फार आहे. तेथे विडीचा धूर होता, शिव्या होत्या, मोठ्या मुलांची दादागिरी होती. शाळा बुडवून बसणारी मुले होती. व्हिडिओ गेमच्या नावाखाली जुगाराची यंत्रे चालवल्याच्या आणि पोलिसांच्या छाप्यांच्या बातम्या आपल्या भागात वाचायला मिळत. सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे तेथे मुली नव्हत्या. आम्ही मुलींनी 'मुस्तफा' हे नाव रस्त्यावरून जाता-जाता पडद्याआडून ऐकले, आणि उरलेला खेळ भाईजानच्या तोंडून जेवताना ऐकला. कोणत्या मजल्यावर कोणता बॉस येतो, हे आम्हाला न पाहता पाठ होते. प्रत्यक्ष खेळायला मिळाला तो कितीतरी वर्षांनी, मोबाइलवर. त्यात हॅना नावाची एक लढवय्यी बाई आहे हे भाईजानने कधी सांगितलेच नव्हते. कदाचित तिला कोणी घेतच नसावे.

तेव्हा ती खोली सर्वांची होती, हे म्हणणे अर्धे खरे आहे. ती सर्व जातिधर्मांच्या मुलग्यांची होती. पण अर्धे का होईना, ते खरे होते. सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवाच्या दिवसांत मिरजेत दंगल उसळली आणि तिचे लोण सांगली-इचलकरंजीपर्यंत गेले. तोवर ही दुकाने बहुतेक बंद पडत आली होती. दुकाने बंद पडली म्हणून दंगल झाली, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. तिची कारणे राजकारणात होती. पण ज्या ज्या ठिकाणी एका गावातली मुले एकमेकांच्या खांद्यावरून वाकून एकच पडदा पाहत होती, त्यांतले एक ठिकाण कमी झाले होते, एवढे तर खरे. जुलै २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय राज्य सरकारने जाहीर केला. अशा दिवसांत एक आख्खी पिढी एका खेळाला आपखुशीने 'मुस्तफा' म्हणत होती, ही आठवण जपून ठेवण्याजोगी आहे.

प्रश्न असा की, ती जपणार कोण? बारमध्ये जे पुनरागमन चालले आहे त्यात ती जपली जाईल का?

आमचे उत्तर 'नाही' असे आहे, आणि त्याला तीन कारणे आहेत.

पहिले कारण यादीचे. कोणतेही पुनरुज्जीवन म्हणजे निवड. जगभरच्या बारमध्ये 'अभिजात' म्हणून जे खेळ मांडले जातात ते प्रामुख्याने 'पॅक-मॅन', 'डाँकी काँग', 'गॅलागा' असे, १९८० च्या आगेमागे अमेरिकन मुलांनी खेळलेले. ती त्यांची आठवण आहे. आमची यादी वेगळी होती. 'मुस्तफा', 'स्ट्रीट फायटर', 'किंग ऑफ फायटर्स', आणि टीव्हीला जोडून खेळायचे 'काँट्रा' व 'मारिओ'. त्यातही 'मुस्तफा'चे नशीब विचित्र. हा खेळ घरगुती यंत्रांसाठी अधिकृतपणे कधी आलाच नाही. २०१८ मध्ये कॅपकॉमने आपल्या जुन्या हाणामारीच्या सात खेळांचा संच काढला, त्यातही तो नाही. चित्रकथेचे हक्क वेगळे, कॅडिलॅक हे नाव एका मोटार कंपनीचे, अशी ही गुंतागुंत आहे. म्हणून आज तो जिवंत आहे तो केवळ चोरून उतरवलेल्या प्रतींत आणि मोबाइलवर. ज्याच्यावर लोकांनी सर्वाधिक प्रेम केले तोच अधिकृत दरबारात गैरहजर. हे दुखणे आपल्याला नवे नाही. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले ते याचसाठी की, मराठीच्या यादीत आपली नावे कोण लिहिणार, हा प्रश्न आपणच विचारायला हवा होता.

दुसरे कारण रचनेचे. नव्या जागांत पुष्कळदा प्रवेशाचे पैसे एकदाच घेतात आणि मग कितीही खेळा. दुसरीकडे कार्डात पैसे भरून घेतात. नाण्याची धाक संपली की हरण्याला किंमत राहत नाही. बटण दाबले की पुन्हा जिवंत. मग एका रुपयात टिकण्याची विद्या कशाला लागते? मागे उभे राहून पाहणारे कोठून येणार? काफिया-रदीफ काढून टाकलेली गझल वाचावी तसा हा प्रकार होतो. शब्द तेच असतात, शेर नसतो.

तिसरे कारण दाराचे. बारच्या दारातून आपण आत जात नाही. हा आपल्या दीनचा हुकूम आहे आणि त्यावर येथे वाद घालण्याचे कारण नाही. पण हा केवळ मुसलमानांचा प्रश्न आहे असे समजू नये. 'बाटली आडवी' हा शब्द सातारा-सांगलीच्या खेड्यापाड्यांतल्या बायकांना कोणी शिकवावा लागत नाही. मतदान करून गावातले दारूचे दुकान बंद पाडणाऱ्या या बायका बहुतांशी हिंदू घरांतल्या आहेत. २००५ मध्ये डान्स बार बंद करण्याचा निर्णय घेणारे आर. आर. आबा तासगाव तालुक्यातल्या अंजनीचेच. तो निर्णय पुढे न्यायालयात टिकला नाही, ही गोष्ट वेगळी. सांगायचे एवढेच की, आपल्या भागात बार ही सर्वांची जागा कधीच नव्हती. जो खेळ एका रुपयात फाटक्या चपलेच्या पोराचा होता, तो आता जाडजूड पाकीट असणाऱ्या, दारू पिणाऱ्या, शहरी प्रौढ माणसाच्या आठवणींचा खेळ होतो. लहान मुलाला तर कायद्यानेच पेल्याला हात लावता येत नाही. मुलांचा खेळ मुलांविना पुन्हा जिवंत केला जातो, याला पुनरुज्जीवन म्हणावे की उरूस?

आपल्याच महाराष्ट्रात पुनरुज्जीवनाचे दोन नमुने आहेत, त्यांच्याशी हे ताडून पाहता येईल. गंजिफा हा पत्त्यांचा खेळ इराणकडून आला. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. आठ रंगांचा, शहाण्णव पानांचा मोगली गंजिफा दख्खनेत आला आणि येथे दशावतारी झाला. दहा रंग, एकशे वीस पाने. मच्छ-कच्छापासून कल्कीपर्यंतचे अवतार इराणी खेळात येऊन बसले, आणि त्यात कोणाला वावगे वाटले नाही. ही कला विझत चालली असता सावंतवाडीच्या राजघराण्याने गेल्या शतकात सत्तरच्या दशकाच्या सुमारास तिला हात दिला. म्हणून आज ती पाने रंगवली जातात. पण खेळली किती जातात? बहुतेक पाने चौकटीत बसून भिंतीवर जातात. दुसरा नमुना मिरजेचा. मिरजेत सतार आणि तंबोरा बनवणारी घराणी पिढ्यान् पिढ्या काम करीत आहेत. ती कला टिकली, कारण भोपळा कोरणारा, तार लावणारा, वाजवणारा आणि ऐकणारा हे एकमेकांना धरून राहिले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ मीरासाहेबांच्या दर्ग्यात होणाऱ्या संगीतसभेत तिकीट काढावे लागत नाही. वस्तू आणि तिच्याभोवतीची माणसे दोन्ही टिकली, तरच कला जगली असे म्हणता येते. बारमधला व्हिडिओ गेम सावंतवाडीच्या वाटेने चालला आहे, मिरजेच्या नव्हे.

मग आपण काय करावे? यंत्रे परत आणणे आपल्या हातात नाही, आणि त्याची फार गरजही नाही. कॅपकॉमच्या त्या काळच्या काही बोर्डांत एक लहान बॅटरी असे. ती संपली की बोर्डाची किल्लीच पुसली जाई आणि खेळ कायमचा मुका होई. आठवणीचेही तसेच आहे. तिच्यात वेळेवर बॅटरी घालावी लागते, आणि ती बॅटरी म्हणजे लेखन. नव्वदच्या दशकातल्या मोहल्ल्यावर आपल्याकडे कथा आहेत, पण त्यांत गेमचे दुकान नाही. आता तिशी-चाळिशीत आलेल्या भावांनी ते लिहावे. दुकानदारांनी आणि मेकॅनिकांनी सांगावे, आपण ते टिपून घ्यावे. बहिणींनी लिहावे की, पडद्याबाहेरून काय ऐकू येत होते.

दुसरी गोष्ट जागेची. जपानमध्ये 'स्पेस इनव्हेडर्स'चा जोर होता तेव्हा तो खेळ कॉफीच्या दुकानांत, टेबलाच्या काचेखाली बसवलेला असे. म्हणजे या खेळाला दारूच लागते असे नाही. चहा चालतो. चहाची दुकाने तर आपल्या गावांत चौकाचौकात आहेत. एखाद्या चहावाल्याने, एखाद्या वाचनालयाने, एखाद्या तरुण मंडळाने एक डबा मांडला आणि मुलींसाठीही दार उघडे ठेवले, तर खर्च फार नाही.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्या वर्गातल्या मुलांच्या हातात मोबाइल आहे. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली, फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर आली, ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध कायदा झाला. मुले एका खेळातून दुसऱ्यात गेली. आज ती एकटी खेळतात. समोरचा कोण आहे, त्याचे नाव काय, हे त्यांना माहीत नसते, कारण पडद्यावरची नावे खोटी असतात. त्यांना 'मुस्तफा' दाखवला तर चित्रे ओबडधोबड वाटतात, पण तिघांनी एकत्र खेळायचे आहे म्हटल्यावर डोळे चमकतात. ज्याचे 'पॉवर' कमी त्याच्यासाठी खाणे सोडायचे, हा कायदा त्यांना सांगावा लागतो. एकदा सांगितला की ती तो पाळतात. मुली हॅना घेतात.

मुस्तफा कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर कॅपकॉमकडे नाही आणि बारच्या मालकाकडेही नाही. ज्यांनी त्याला हे नाव दिले त्यांचा तो आहे. त्यांत माळ्याचा मुलगाही आला आणि मोमिनाचाही. त्यांनी ते लिहून ठेवले नाही, तर उद्या कोणी त्यांना विचारणारही नाही.